बहिऱ्याच्या घराची घंटा

टेलिफोनचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण घेतो तो अलेक्झांडर ग्राहम बेल हा पेशाने बहिऱ्यांचा शिक्षक होता. त्याच्या आईला फारसे ऐकू येत नसे, आणि त्याची पत्नी मेबल हिची श्रवणशक्ती पाचव्या वर्षी लोहितज्वराने गेली होती. अशा माणसाच्या हातून १८७६ साली जे यंत्र जन्माला आले, त्याने बहिऱ्यांनाच जगापासून आणखी दूर लोटले. पूर्वी निरोप चिठ्ठीने जात, तेव्हा ऐकणारा आणि न ऐकणारा एका पातळीवर होते. आता व्यवहार तारेवरून बोलू लागला आणि घंटा वाजवून बोलावू लागला. ती घंटा ज्याच्या कानी पडत नाही त्याच्या घराचा पहारा कसा चालतो, याची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत. तिचे ठळक टप्पे बव्हंशी अमेरिकेतले आहेत.

दारी कोणी आले, पाळण्यातले मूल रडले, स्वयंपाकघरात काही जळू लागले, तर घरात ती वार्ता आधी कान देतो. डोळ्यांना पापण्या आहेत, कानांना नाहीत. म्हणून आपण झोपलो तरी हा पहारेकरी जागाच असतो. तो ज्यांना नाही त्यांच्यासाठी दुसरा पहारेकरी नेमणे, एवढाच हा प्रश्न आहे; पण तो सुटायला शंभरावर वर्षे लागली, आणि पुरता अजून सुटलेला नाही.

टेलिफोनपुरता मार्ग काढला तो बहिऱ्यांनीच. कॅलिफोर्नियातील रॉबर्ट वाइटब्रेख्ट हा जन्मापासून बहिरा पदार्थवैज्ञानिक. तारखात्याने टाकून दिलेली, मणामणाच्या वजनाची टेलिप्रिंटर यंत्रे त्याने टेलिफोनला जोडण्याची युक्ती काढली. कंपनी आपल्या तारेला परके यंत्र चिकटवू देत नसे. मग त्याने रिसीव्हरच एका खोबणीत बसवला आणि अक्षरांचे सूर करून ते त्याच्या कानात सोडले. १९६४ साली त्याने पॅसाडीना येथील जेम्स मार्स्टर्स या बहिऱ्या दंतवैद्याशी असे संभाषण केले. अँड्र्यू साक्स हा तिसरा बहिरा सहकारी पुढे त्यांच्या उद्योगात सामील झाला. टेलिफोन वाजतो आहे हे कळावे म्हणून घंटेच्या जागी दिवा आला. घंटा वाजली की तो उघडझाप करी. हीच रीत दारालाही लागू पडली. बहिऱ्यांच्या घरी दिवा एकाएकी मिचकावू लागला, म्हणजे कोणी पाहुणा दाराशी उभा आहे असे समजावे!

येथवर सारे ठीक होते. परंतु दिवा हा जागत्या माणसाचा चाकर आहे. मिटलेल्या डोळ्यांपुढे त्याचे काय चालणार? हा साधा प्रश्न कायदा करणाऱ्यांनी पुरेसा विचारलेला दिसत नाही. १९९० साली अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला आणि त्याखालील नियमांनी सार्वजनिक इमारतींत, हॉटेलांच्या काही खोल्यांतसुद्धा, आगीच्या भोंग्याबरोबर लखलखणारा दिवा आणला. कायदा उदार होता, हे निर्विवाद आहे. पण झोपलेला माणूस त्या दिव्याने उठतो काय, याची कसून परीक्षा पुढे २००७ साली झाली. ऑस्ट्रेलियातील डॉरथी ब्रक आणि इयन टॉमस यांनी, कमी ऐकू येणाऱ्या ३८ माणसांना गाढ झोपेतून उठवून पाहिले. दिव्याने जागे झाले ते जेमतेम २७ टक्के! गादीखाली वा उशीखाली थरथरणाऱ्या चकतीने सुमारे ८० टक्के जागे झाले.

त्याच परीक्षेत आणखी एक गोष्ट निघाली, आणि आमच्या मते ती या सभागृहातील पुष्कळांच्या घरची आहे. छताला लावायच्या नेहमीच्या धूरसूचक यंत्राचा आवाज फार तीक्ष्ण असतो, सेकंदाला सुमारे ३००० कंपनांचा. उतारवयात कान जातात ते बहुधा याच वरच्या पट्टीकडून. आजोबांना आपले बोलणे कळते, पण पाखराची शीळ कळत नाही, ते यामुळेच. म्हणजे ज्या पट्टीत म्हातारा कान आधी दगा देतो, नेमक्या त्याच पट्टीत आपण धोक्याची हाक मारीत होतो. त्या आवाजाने निम्म्याहून थोडेच अधिक जागे झाले. ५२० कंपनांच्या खालच्या, भरड आवाजाने मात्र ९२ टक्के. अमेरिकेच्या अग्निसंरक्षण संहितेने ते मानले, आणि १ जानेवारी २०१४ पासून, जेथे इमारतीची अग्निसूचक यंत्रणा आहे तेथील झोपायच्या खोल्यांतले नवे भोंगे या खालच्या पट्टीचे असावेत असा नियम झाला. सुट्या घरगुती यंत्रांत अजून बहुधा तो जुना तीक्ष्ण सूरच असतो. ठार बहिऱ्याला अर्थात कोणतीच पट्टी उपयोगाची नाही; त्याला ती थरथरणारी चकतीच हवी.

जपानात काहींनी नाकाकडे धाव घेतली. वसाबी नावाच्या, मोहरीसारख्या झणझणीत चटणीचा वास खोलीत फवारून झोपलेल्याला उठवणारे यंत्र त्यांनी केले. २०११ साली त्याला इग नोबेल हे विनोदी पारितोषिक मिळाले. हसण्याजोगी गोष्ट खरी. पण नाकालाही पापण्या नाहीत, हे त्यांनी ओळखले होते.

आता घरेच हुशार झाली आहेत. २०२० पासून आयफोन आणि अँड्रॉइड फोन दारावरची थाप, मुलाचे रडणे, धुराचा भोंगा हे आवाज ओळखून मनगटाला वा खिशाला थरथर पोचवतात. दारावरचा कॅमेरा आलेल्याचे चित्र दाखवतो, घरातले दिवे सांगाल तेव्हा लखलखतात. वाइटब्रेख्टच्या अवजड यंत्रापुढे ही केवढी सोय! मात्र आयफोनमध्ये ही सोय चालू करताना एक सूचना येते, ती वाचून घ्यावी: जिवाला धोका असेल अशा प्रसंगी हिच्यावर विसंबू नका. फोनची बॅटरी संपते, तो दुसऱ्या खोलीत राहतो, आणि श्रवणयंत्र तर रात्री काढूनच ठेवलेले असते. म्हणून जाणते बहिरे लोक फोन वापरतात, पण धूरसूचकाला जोडलेली, भिंतीतल्या विजेवर चालणारी आणि वीज गेली तर स्वतःच्या बॅटरीवर थरथरणारी ती चकती उशीखालून काढीत नाहीत.