टांच कीं चवडा? — धांवण्याच्या एका नव्या विद्येची कथा

पोहणें शिकावें लागतें, सायकल शिकावी लागते. पण धांवणें कोणी कोणास शिकवीत नाहीं. मूल चालूं लागल्यावर थोड्याच महिन्यांत आईच्या हातून निसटून अंगणाकडे धूम ठोकतें, आणि तेव्हांपासून ही विद्या आपणांस जन्मतःच आली आहे असें आपण गृहीत धरतों. असें असतांना गेल्या कांहीं दशकांत चाळिशी-पन्नाशी गांठलेलीं, घर नि कचेरी सांभाळणारीं असंख्य माणसें धांवावें कसें हें नव्यानें शिकूं लागलीं. त्यासाठीं त्यांनीं ग्रंथ वाचले, गुरु केले, आणि पाऊल प्रथम टांचेवर टेकावें कीं चवड्यावर ह्या प्रश्नावरून तीं हमरीतुमरीवरही आलीं. हें नवल कसें घडलें, आणि केवळ हौसेनें धांवणाऱ्यानें त्यांतून काय घ्यावें व काय टाकावें, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

पूर्वीच्या काळीं प्रौढ मनुष्याचें धांवणें हें हौसेचें काम नव्हतें. जासूद आणि हरकारे धांवत, ते पोटासाठीं. सैनिक धांवे तो आज्ञेसाठीं. आणि मल्ल किंवा स्पर्धक धांवे तो जयासाठीं. तथापि धांवण्याच्या ढबीकडे जाणत्यांचें लक्ष फार प्राचीन काळापासून आहे. फिलोस्ट्रेटस नांवाच्या ग्रीक लेखकानें व्यायामविद्येवरील आपल्या ग्रंथांत असें नमूद केलें आहे कीं, जवळच्या पल्ल्याचे धांवणारे हात पंखांसारखे हलवितात, आणि दूरच्या पल्ल्याचे धांवणारे तसें केवळ शेवटच्या टप्प्यांत करतात. म्हणजे अंतर बदललें कीं शरीराची ढबही बदलते, हें त्या लोकांस चांगलें ठाऊक होतें.

आपल्याकडील एक प्रसंगही येथें आठवण्याजोगा आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांत सर दोराबजी टाटा यांनीं शेतकरी वर्गांतील तरुणांना अनवाणी धांवतांना पाहिलें. त्या तरुणांना ना पद्धतशीर शिक्षण मिळालें होतें, ना जोडे. तरीही त्यांची चाल पाहून टाटा चकित झाले. पुढच्याच वर्षीं, १९२० च्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांस हिंदुस्थानांतून जो छोटासा संघ गेला, त्यांत बेळगांवचे फडेप्पा चौगुले होते. मॅरेथॉनच्या शर्यतींत त्यांनीं २ तास ५० मिनिटांच्या सुमारास पल्ला पुरा करून एकोणिसावा क्रमांक मिळविला. पाऊल कसें टाकावें हें चौगुल्यांना कोणा ग्रंथानें शिकविलें नव्हतें. माळरानानें आणि डोंगरवाटांनीं जें शिकविलें तेंच त्यांचें शिक्षण.

परंतु पाऊल खरोखर कसें पडतें, हें नुसत्या डोळ्यांना नीटसें दिसत नाहीं. तें दिसूं लागलें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. पॅरिसमधील शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे यानें धांवणाऱ्याच्या जोड्याच्या तळाशीं हवेची कुपी बसविली आणि पाऊल दाबलें जातांच त्याची खूण धांवणाऱ्याच्या हातांतील यंत्रावर उमटेल अशी योजना केली. १८७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथांत हें वर्णन आहे. पुढें अमेरिकेंत एडवर्ड मायब्रिज यानें माणसांच्या व जनावरांच्या हालचालींचीं छायाचित्रें ओळीनें घेऊन १८८७ साली तीं प्रसिद्ध केलीं. जी क्रिया क्षणार्धांत संपते, ती आतां मेजावर मांडून बघतां येऊं लागली. आणि जी वस्तु बघतां येते, ती सुधारतांही येईल, असें माणसाला वाटूं लागणें साहजिकच होतें.

गंमत अशी कीं, मैदानावरील विजेत्यांनीं मात्र कोणत्याच एका नियमाला दाद दिली नाहीं. १९५२ च्या हेलसिंकी येथील सामन्यांत चेकोस्लोव्हाकियाच्या एमिल झाटोपेकनें ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशा तिन्ही शर्यती जिंकल्या. त्याची मान वांकडी, चेहरा वेदनेनें पिळवटलेला, खांदे झुलणारे. पाहणाऱ्यास वाटावें कीं हा आतां कोसळणार! १९६० साली रोमच्या रस्त्यांवर इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धांवला आणि मॅरेथॉन जिंकला. चार वर्षांनीं टोकिओ येथें तोच बिकिला जोडे घालून धांवला, आणि पुन्हा जिंकला. ज्यांना ह्या इतिहासांतून अनवाणी पायांची महती काढावयाची असते, ते रोम आठवतात. टोकिओ मात्र सोयीस्करपणें विसरतात.

आतां हौशी धांवणाऱ्याकडे येऊं. त्याचा जन्म झाला न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरीं, असें म्हणण्यास हरकत नाहीं. तेथील शिक्षक आर्थर लिडियार्ड यानें १९६० च्या सुमारास उतारवयाच्या आणि स्थूल झालेल्या सामान्य नागरिकांना संथपणें, गप्पा मारतां येतील इतक्याच वेगानें, धांवण्याची संवय लावली. १९६२ च्या अखेरीस अमेरिकेंतील ऑरेगन विद्यापीठाचे शिक्षक बिल बॉवरमन तेथें गेले, आणि आपल्याहून वयानें कितीतरी वडील माणसें आपणांस मागें टाकून पुढें जातांना पाहून थक्क झाले. परत आल्यावर त्यांनीं आपल्या गांवीं तोच उपक्रम सुरू केला, आणि एका हृदयविकारतज्ज्ञाच्या साहाय्यानें ह्या संथ धांवण्यावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. १९७० साली न्यूयॉर्कच्या पहिल्या मॅरेथॉनला जेमतेम सव्वाशे माणसें उभीं राहिलीं होतीं. पुढील दहा वर्षांत हीच संख्या हजारोंनीं मोजावी लागली.

ह्याच काळांत जोडेही बदलले. टांचेखालीं मऊ, फुगीर थर असलेला जोडा बाजारांत आला, आणि त्यामुळें टांच आधीं टेकवून लांब पाऊल टाकणें सुखाचें झालें. तरीही गुडघे दुखावयाचे थांबले नाहींत. तेव्हां लोकांच्या मनांत शंका आली कीं दोष जोड्यांत नसून चालींत तर नाहीं? सोव्हिएट रशियांतून अमेरिकेंत आलेल्या निकोलस रोमानोव्ह यांनीं एक पद्धति सांगितली: देह किंचित् पुढें झुकवावा, पाऊल शरीराच्या बरोबर खालीं टेकावें, आणि तें चटकन् उचलावें. डॅनी ड्रायर यांनीं चिनी ‘ताई-ची’ विद्येच्या आधारानें दुसरी पद्धति सांगितली. तपशील निराळे असले तरी आखूड पाऊल आणि हलका स्पर्श हें दोहोंचें सार एकच होतें.

खरा भडका उडाला तो २००९ व २०१० ह्या दोन वर्षांत. २००९ साली ख्रिस्तोफर मॅकडूगल ह्या पत्रकारानें मेक्सिकोच्या डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या, पातळ वहाणा घालून दूरवर धांवणाऱ्या रारामुरी लोकांवर एक पुस्तक लिहिलें, आणि तें घरोघर गेलें. दुसऱ्याच वर्षीं हार्वर्ड विद्यापीठाचे डॅनियल लिबरमन यांनीं ‘नेचर’ ह्या शास्त्रीय पत्रांत एक निबंध प्रसिद्ध केला. लहानपणापासून अनवाणी धांवणारे लोक बहुधा चवड्यावर उतरतात, आणि त्यामुळें टांच आपटतांना बसणारा एकदम हिसका त्यांना बसत नाहीं, असें त्यांचें निरीक्षण होतें. निबंधांतील भाषा सावध होती. वाचणारे मात्र सावध राहिले नाहींत. निसर्गाचा मार्ग सांपडला, असा पुकारा झाला. तीस-तीस वर्षें जोड्यांत कोंडलेले पाय एका सकाळीं मोकळे झाले आणि डांबरी सडकेवर चवड्यांनीं धांवूं लागले.

परिणाम व्हावयाचा तोच झाला. गुडघा कदाचित् सुखावला. पण पोटरी, टांचेच्या मागची जाड शीर आणि चवड्याचीं लांब हाडें कुरकुरूं लागलीं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासांत पातळ जोड्यांकडे दहा आठवड्यांत वळणाऱ्या धांवकांच्या पायांची तपासणी झाली, आणि त्यांतील अनेकांच्या हाडांच्या आंत सूज आढळली. पायाच्या बोटांसारखे जोडे विकणाऱ्या व्हिब्रम ह्या कंपनीवर तिच्या जाहिरातींतील आरोग्याच्या दाव्यांसंबंधीं खटला झाला. कंपनीनें दोष कबूल केला नाहीं, परंतु २०१४ साली साडेसदतीस लाख डॉलर देऊन तो मिटविला.

तिकडे ‘निसर्गाचा एकच मार्ग’ ही कल्पनाही शास्त्राच्या कसोटीस पुरतेपणीं उतरली नाहीं. उत्तर केनियांतील दासनच जमातीचे लोक जन्मभर अनवाणी वावरतात. पण २०१३ च्या एका अभ्यासांत असें दिसलें कीं, आपल्या सोयीच्या संथ वेगानें धांवतांना त्यांतील बहुसंख्य लोक टांचच आधीं टेकतात, आणि वेग वाढल्यावर चवड्याकडे वळतात. जपानमधील सापोरो येथील एका अर्ध-मॅरेथॉनमध्यें पट्टीच्या धांवपटूंचीं पावलें छायाचित्रांवरून तपासलीं, तेव्हां सुमारें तीन-चतुर्थांश धांवपटु टांचेवरच उतरत होते. फिलोस्ट्रेटसनें हातांविषयीं जें सांगितलें, तेंच थोड्याफार फरकानें पायांनाही लागू पडलें.

श्रोतेहो, हा इतिहास आपणांस कशासाठीं जाणून घ्यावयाचा? २००४ सालापासून मुंबईंत जी मोठी मॅरेथॉन भरूं लागली, तिनें आपल्या घरांतही धांवण्याची हौस आणून सोडली. साखर वाढली म्हणून, झोंप येत नाहीं म्हणून, मुलें दूर गेल्यावर सकाळ रिकामी वाटते म्हणून, कितीएक गृहस्थ आणि गृहिणी पहांटे घराबाहेर पडतात. त्यांना पदक मिळवावयाचें नसतें. त्यांचें सगळें धन म्हणजे ती रोजची अर्ध्या तासाची मोकळीक. चालीची सुधारणा करण्याच्या नादांत पाय जायबंदी झाला, तर शर्यत बुडत नाहीं, ती मोकळीकच बुडते. आणि सहा महिने घरीं बसलेला पन्नाशीचा मनुष्य पुन्हा उठून धांवूं लागेलच असें नाहीं. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते!

म्हणून ज्याला कांहीं दुखत-खुपत नाहीं त्यानें आपली चाल बदलण्याच्या भानगडींत पडूं नये, हा पहिला नियम. देहाचा भार कोठेंतरी पडणारच. टांचेवर उतरलां तर गुडघ्यास अधिक सोसावें लागतें, चवड्यावर उतरलां तर पोटरीस. चाल बदलणें म्हणजे ओझें ह्या खांद्यावरून त्या खांद्यावर घेणें होय. ज्या खांद्यास संवय नाहीं, त्यास ती हळूहळूच लावावी लागते.

ज्याचा गुडघा खरोखर तक्रार करतो, त्याच्यासाठीं एक सौम्य उपाय अभ्यासांतून पुढें आला आहे. वेग तोच ठेवावा, पण पावलें किंचित् आखूड टाकून मिनिटाला त्यांची संख्या शेंकडा पांच ते दहानें वाढवावी. विस्कॉन्सिन विद्यापीठांतील संशोधकांनीं २०११ साली दाखविलें कीं, एवढ्यानेंही गुडघ्यावरील भार कमी होतो. आपलीं पावलें एक मिनिट मोजून पाहावीं. तीं १६० भरलीं तर १६८ चा प्रयत्न करावा. एकदम १८० च्या मागें लागूं नये. १८० हा आंकडा सर्वत्र ऐकूं येतो खरा. पण त्याचा उगम जॅक डॅनियल्स ह्या शिक्षकानें १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्यें नामांकित धांवपटूंचीं जीं पावलें मोजलीं, त्यांत आहे. जगज्जेत्यांच्या भर वेगांतील तें निरीक्षण सर्वांसाठीं आज्ञा म्हणून घेणें, हाही इतिहासांतील एक गैरसमजच.

आणि शिकावयाचेंच तर, मोडीला सरावलेला हात बाळबोध लिहूं लागतो तसें शिकावें. मोडी लिहिणारा लेखणी न उचलतां ओळ संपवितो. बाळबोधींत ती पदोपदीं उचलावी लागते. आरंभीं वेग मंदावतो, बोटें अवघडतात. शहाणा मनुष्य अशा वेळीं चार ओळी नव्या वळणाच्या लिहितो आणि उरलेलें पत्र जुन्याच वळणानें पुरें करतो. तसेंच येथें पहिल्या आठवड्यांत दोनचार मिनिटें नवी चाल, बाकी जुनी. पोटरी दुसऱ्या दिवशीं फार कुरकुरली तर विसांवा. आणि महिन्यांचा हिशेब, दिवसांचा नव्हे.

झाटोपेकची मान शेवटपर्यंत वांकडीच राहिली. आपलीही थोडी वांकडी असेल तर खंत करण्याचें कारण नाहीं. उद्यां पहांटे पुन्हा बाहेर पडतां येईल अशा बेतानें जो धांवतो, त्याची चाल त्याच्यापुरती बरोबरच आहे.