शेजाऱ्याचे भय : बॅरी ब्यूझान यांचा विद्याव्यासंग

शीतयुद्धाच्या काळात आंतरराष्ट्रीय राजकारण समजून घेण्याची एक ठरीव रीत होती. वॉशिंग्टन आणि मॉस्को येथे काय शिजते आहे ते पाहावे आणि उरलेल्या जगाचे भवितव्य त्यावरून ताडावे. लहानमोठी राष्ट्रे म्हणजे जणू परक्या पटावरील प्यादी. या रीतीला ज्यांनी शांतपणे छेद दिला, त्यांत ब्रिटिश अभ्यासक बॅरी ब्यूझान यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

१९४६ साली लंडनमध्ये जन्मलेल्या ब्यूझान यांनी पदवी कॅनडात घेतली आणि १९७३ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डॉक्टरेट मिळविली. त्यांचा १९७६ चा ग्रंथ समुद्रतळाच्या राजकारणावर होता, हे आज फारसे कोणाच्या ध्यानात नसते. त्यांची कीर्ती झाली ती वॉरिक विद्यापीठात अध्यापन करीत असता १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'पीपल, स्टेट्स अँड फिअर' या ग्रंथाने.

त्यातील मध्यवर्ती विचार तसा साधा आहे. भय अंतराबरोबर ओसरते. दूरचे राष्ट्र कितीही बलाढ्य असो, झोप उडवितो तो शेजारी. (सीमेलगत वाढलेल्यांना हे शिकण्यासाठी ग्रंथ लागत नाही, पण अनुभवाला शास्त्राची भाषा देणे हेही मोठेच काम आहे.) म्हणून ज्या राष्ट्रांच्या सुरक्षिततेचा विचार एकमेकांपासून तोडून करताच येत नाही, अशा समूहाला त्यांनी 'सुरक्षा-संकुल' म्हटले.

या कल्पनेची खरी कसोटी लागली ती आपल्या उपखंडावर. मूळचे बांगलादेशाचे इतिहासकार गौहर रिझवी यांच्या सहकार्याने ब्यूझान यांनी १९८६ मध्ये दक्षिण आशियातील असुरक्षिततेवर ग्रंथ सिद्ध केला. १९५४ पासून पाकिस्तानला मिळालेली अमेरिकी शस्त्रे किंवा १९७१ चा भारत-सोव्हिएत करार यांनी वैराला इंधन पुरविले, हे खरे. परंतु ठिणगी बाहेरची नव्हती. एक राज्य अनेक धर्मांच्या सहजीवनाच्या तत्त्वावर उभे, तर दुसरे मुसलमानांच्या स्वतंत्र मायभूमीच्या कल्पनेवर. एकाचे अस्तित्वच दुसऱ्याच्या पायाभूत कल्पनेला आव्हान ठरावे, अशी ही रचना होती. केवळ सैन्याची मोजदाद करणाऱ्यांना हे दिसले नसते.

१९८८ पासून ते कोपनहेगन येथील शांतता-संशोधन संस्थेशी जोडले गेले. ओल वेव्हर आणि याप द विल्डे यांच्यासह लिहिलेल्या १९९८ च्या ग्रंथात त्यांनी मांडले की, सत्ताधारी एखाद्या प्रश्नाला अस्तित्वाचे संकट म्हणून उच्चारतात आणि समाज ते मान्य करतो, तेव्हा तो प्रश्न सुरक्षेचा ठरतो. मग नेहमीचे नियम बाजूला सारता येतात. पण ज्याला बोलताच येत नाही त्याचे काय? २००० साली लेने हान्सेन या विदुषीने नेमके हेच विचारले. उदाहरण घेतले पाकिस्तानात कुटुंबाच्या अब्रूच्या नावाखाली मारल्या जाणाऱ्या स्त्रियांचे. त्यांनी तोंड उघडले तर धोका वाढतो, आणि मौन पाळले तर सिद्धान्ताला त्या दिसतच नाहीत. माझ्या मते या व्यासंगावरील हा सर्वांत मर्मभेदी आक्षेप होय. आणि २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय सुरक्षा-अभ्यासाचा इतिहास लिहिताना ब्यूझान यांच्या सहलेखिका होत्या त्या याच लेने हान्सेन.