वेळासची टोपली

2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे कार्यकर्ते पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची घरटी शोधत कोकण किनाऱ्यावर हिंडत होते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. गावात चौकशी केली तेव्हा कळलं, की ऑलिव्ह रिडलेच्या माद्या इथे दरवर्षी अंडी घालून जातात. पण ती अंडी माणसं काढून नेतात, राहिलेली कुत्री-कोल्ही उकरतात. गरुडासाठी निघालेली माणसं कासवापाशी थांबली.

भाऊ काटदरे यांची ही संस्था 1992 पासूनची. पैसा थोडा, माणसं मोजकी. कासवाला 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण होतं, पण पहाटेच्या काळोखात किनाऱ्यावर कायदा राबवणार कोण? वाळूवरचा माग बघून घरटं नेमकं कुठे आहे हे सांगणारी माणसं गावातच होती. तीच आजवर अंडी काढत आली होती. संस्थेने त्यांनाच राखणीला घेतलं. या साऱ्या वाटचालीतला सर्वांत शहाणा निर्णय मला हाच वाटतो.

काम सांगायला सोपं, करायला चिवट. उजाडण्याआधी किनारा चालायचा, माग दिसला की घरटं शोधायचं, शंभर-सव्वाशे अंडी अलगद उचलायची आणि कुंपणाच्या आत तेवढ्याच खोलीचा खड्डा खणून पुरायची. साधारण 45 ते 60 दिवसांनी पिल्लं वर येतात. पिल्लू नर की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं, म्हणून खड्ड्याची जागा आणि खोलीही जपावी लागते. दिवस भरत आले की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची आणि सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायचं. पहिल्याच मोसमात 50 च्या आसपास घरटी अशी राखली गेली.

पण राखण करणाऱ्याचं घरही चाललं पाहिजे. म्हणून 2006 पासून कासव महोत्सव सुरू झाला. टोपली उचलताना बघायला पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. गावात हॉटेल नव्हतं आणि ते बांधायची घाईही कुणी केली नाही. नाना फडणवीसांच्या या गावाने आपल्या पडव्या आणि माजघरं उघडली. पाहुण्यांच्या पानात आमटी-भात, सोलकढी, उकडीचे मोदक आले. ज्या बायकांच्या हाताची चव घरापुरतीच होती, त्यांच्या हातात त्याच स्वयंपाकाचे पैसे आले. जिवंत पिल्लू अंड्यापेक्षा जास्त देतं, हे गावाला कुणाच्या भाषणातून शिकावं लागलं नाही.

भाऊंचं मोठेपण मला दिसतं ते मागे सरण्यात. गावात कासव मित्र मंडळ उभं राहिलं. महोत्सवाचं काम हळूहळू ग्रामस्थ आणि वनविभाग यांच्याकडे गेलं. संस्था पुढच्या किनाऱ्यांकडे वळली, खवल्या मांजराच्या कामातही उतरली. माणूस हलला की काम थांबतं, असे किती उपक्रम आपण पाहिले आहेत! वेळासला तसं झालं नाही. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत अनेक गावांनी हीच पद्धत उचलली. आंजर्ल्यातही महोत्सव भरू लागला. जानेवारी 2022 मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रह-यंत्र बसवण्यात आलं. तिचं नाव ठेवलं 'प्रथमा'.

आता काळजी गर्दीची आहे. शनिवार-रविवारी किनाऱ्यावर माणसं मावत नाहीत, आणि टोपलीखाली पिल्लं नसली की काही जण नाराज होऊन परततात. पिल्लं पाहुण्यांचं वेळापत्रक पाळत नाहीत. महोत्सव कासवांसाठी आहे. त्याचा क्रम उलटा झाला तर वीस वर्षांची मेहनत वाळूत जाईल.

म्हणून जाणाऱ्यांना एवढंच सांगणं: फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, जमलं तर मधल्या वारी जा. गावातल्या घरातच उतरा. किनाऱ्यावर बॅटरी आणि फ्लॅश लावू नका, आखलेल्या दोरीच्या आत पाऊल टाकू नका. संध्याकाळी टोपली रिकामी निघाली, तर पहाटे पुन्हा या.