व्हाकिटा : बंदीच्या पन्नास वर्षांचा इतिहास

मेक्सिकोतील कॅलिफोर्नियाच्या आखाताच्या उत्तर टोकाला, जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा एक शिंशुक राहतो. लांबी जेमतेम दीड मीटर. नाव व्हाकिटा, म्हणजे ‘छोटी गाय’. विज्ञानाने त्याची नोंद घेतली १९५८ मध्ये. आज तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, त्याची शिकार कोणीच करीत नाही. टोटोआबा मासा आणि कोळंबी यांच्यासाठी पाण्यात उभ्या सोडलेल्या गिलजाळ्यांत तो अडकतो आणि श्वासासाठी वर येता न आल्याने गुदमरतो.

शासन स्वस्थ बसले होते, असेही नाही. १९७५ मध्ये टोटोआबाच्या मासेमारीवर बंदी आली, १९९३ मध्ये संरक्षित जीवावरण क्षेत्र, तर २००५ मध्ये खास व्हाकिटासाठी अभयक्षेत्र जाहीर झाले. तरीही १९९७ मध्ये सुमारे ५६७ असलेली संख्या २००८ मध्ये सुमारे २४५ आणि २०१६ मध्ये अवघी ३० वर आली.

याचे उत्तर अर्थशास्त्रात सापडते. आपल्या किनाऱ्यावरील घोळ माशाप्रमाणेच टोटोआबाच्या पोटातील पिशवीला परदेशात, विशेषतः चीनमध्ये, प्रचंड भाव मिळतो. पकडले जाण्याची शक्यता नगण्य असेल, तर दंडाचा आकडा कितीही मोठा असला तरी तो कागदावरच राहतो. २०१५ मध्ये गिलजाळ्यांवर तात्पुरती बंदी घालून नुकसानभरपाई देण्यात आली. तिचा हिशेब मात्र परवान्यांवरून झाला. होडीवर राबणाऱ्याच्या पदरात फारसे पडले नाही. २०१७ मध्ये काही प्राणी पकडून सुरक्षित ठेवण्याचा प्रयत्न झाला. त्यात एक मादी दगावली आणि मोहीम सोडून द्यावी लागली.

२०२२ मध्ये मेक्सिकोच्या नौदलाने जाळी अडकवणारे लोखंडी आकडे बसवलेले १९३ काँक्रीटचे ठोकळे समुद्रतळाशी सोडले आणि त्या क्षेत्रातील जाळी झपाट्याने घटली. अनेक दशकांच्या अधिसूचनांना जे साधले नाही, ते या ठोकळ्यांनी साधले, कारण इथे नियमभंगाची किंमत जागच्या जागी, जाळे गमावून मोजावी लागते. मात्र ठोकळे नाहीत तेथे धोका कायम आहे.

२०२५ च्या पाहणीत सात ते दहा व्हाकिटा असल्याचा अंदाज निघाला. त्यांत पिल्लेही होती. जाळी थांबली तर ही जात अजूनही तगू शकते, असे जनुकीय अभ्यास सांगतो. आदेश काढणे म्हणजे अंमलबजावणी, असे मानणाऱ्या आम्हा प्रशासकांनी हा इतिहास जरूर वाचावा.