राउटरचे मागील दार

घरोघरी दिसणारा राउटर हा वस्तुतः एक लहानसा संगणकच होय. त्याला पडदा वा कळफलक नसल्याने त्याच्या आज्ञावलीपर्यंत दुसऱ्या संगणकावरून पोहोचावे लागते. पूर्वी हे काम ‘टेलनेट’ करीत असे. परंतु त्यात पासवर्डही उघड्या अक्षरांत जातो. फिनलंडच्या टाटू युलेनेन यांनी १९९५ मध्ये निर्मिलेल्या ‘एसएसएच’मध्ये मात्र सारा संवाद सांकेतिक होतो.

हे दार उघडे राहिल्यास काय घडते, हे २०१६ मध्ये ‘मिराय’ने दाखविले. कारखान्यातूनच आलेले सुमारे ६० पासवर्ड टेलनेटवर आजमावत त्याने असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. त्यांच्या हल्ल्याने २१ ऑक्टोबरला ट्विटरसह अनेक संकेतस्थळे ठप्प झाली.

‘ओपनडब्ल्यूआरटी’ या मुक्त प्रणालीत ‘ड्रॉपबेअर’ हा छोटा एसएसएच सर्व्हर असतो. त्याची मांडणी अशी करावी :

* ‘रूट’ खात्यास प्रथम भक्कम पासवर्ड द्यावा.

* ‘इंटरफेस’पुढे ‘लॅन’ निवडावे. म्हणजे हे दार घरातील जाळ्यापुरतेच उघडेल.

* संगणकावर किल्ल्यांची जोडी तयार करावी. सार्वजनिक किल्ली राउटरवर ठेवावी. खासगी किल्ली कोणासही देऊ नये.

* चालू जोडणी तशीच ठेवून दुसऱ्या खिडकीतून किल्लीने प्रवेश मिळतो का, ते पाहावे. मगच पासवर्डने होणारा प्रवेश बंद करावा.

हा क्रम चुकल्यास मालकच बाहेर अडकतो. अशा वेळी राउटर ‘फेलसेफ’ अवस्थेत सुरू करून मांडणी दुरुस्त करता येते.