वंशज लिहून ठेवायचे नसतात

कुलवृत्तांत संगणकावर घ्यायला निघालेल्या मंडळींना एखादा जाणता प्रोग्रॅमर भेटला, की सल्ला ठरलेला असतो. टेबलात नुसता पालकाचा क्रमांक ठेवून भागायचं नाही, एका पुरुषाचे सगळे वंशज त्यातून निघत नाहीत. नेस्टेड सेट वापरा, नाहीतर रिलेशनल डेटाबेसचा नाद सोडा. हे मत मी वीस वर्षं ऐकतो आहे आणि ते मला मान्य नाही. पण ते पोकळ नाही, म्हणून आधी त्याची बाजू नीट मांडतो.

साध्या रचनेत माणशी एक ओळ असते आणि तिच्यात पालकाचा क्रमांक. मुलं लगेच मिळतात. नातवंडांसाठी टेबल स्वतःलाच एकदा जोडावं लागतं, पणतवंडांसाठी दोनदा. वंश किती पिढ्या खाली गेला आहे हे आधी ठाऊक नसेल, तर किती वेळा जोडायचं? आहो आणि उलमन या संगणकशास्त्रज्ञांनी 1979 मध्येच सिद्ध केलं की रिलेशनल डेटाबेसचा पाया असलेल्या कॉडच्या रिलेशनल अल्जिब्रात हा प्रश्न विचारताच येत नाही. त्यावर नेस्टेड सेटची तोड निघाली आणि जो सेल्को यांच्या लेखनातून ती सर्वदूर पोचली. झाडाभोवती एक प्रदक्षिणा घालायची, प्रत्येकापाशी शिरताना एक आकडा द्यायचा, तो डावा, बाहेर पडताना दुसरा, तो उजवा. मूळ पुरुषाला 1 आणि 14 मिळाले, तर ज्यांचे आकडे या दोहोंच्या मध्ये पडतात ते त्याचे वंशज, आणि ते सहाच असणार. एका साध्या तुलनेत सगळं घराणं हाती येतं. युक्ती खरोखर देखणी आहे.

मात्र ती सिद्धता अल्जिब्रापुरती होती आणि एसक्यूएल तिथे थांबलं नाही. 1999 च्या मानकात ‘विथ रिकर्सिव्ह’ हे तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारं कलम आलं. पोस्टग्रेसमध्ये ते 2009 साली आलं, एसक्यूलाइटमध्ये 2014 साली, आणि मायएसक्यूएलमध्ये थेट 2018 साली, आठव्या आवृत्तीत. वेबवर काम करणारी आमची सगळी पिढी मायएसक्यूएलवर वाढली. तिच्या हातात हे साधन नव्हतं, म्हणून नेस्टेड सेट तिच्या अंगवळणी पडला. अडचण गेली, सल्ला मात्र तसाच राहिला.

‘विथ रिकर्सिव्ह’च्या क्वेरीचं काम गूढ नाही. मूळ पुरुषाची ओळ हातात घ्यायची आणि विचारायचं, हा कुणाकुणाचा पालक? जी मुलं मिळाली तेवढीच पुढच्या फेरीत घेऊन तोच प्रश्न पुन्हा विचारायचा. फेरी रिकाम्या हाती परतली की थांबायचं. मूळ पुरुषाखाली बारा पिढ्या असतील तर बारा फेऱ्या होतात आणि तेरावी रिकामी जाते. वंशज हजार असोत वा दहा हजार. मग ‘रिकर्शन फार हळू चालतं’ ही तक्रार कुठून येते? माझ्यापुढे एकदा असंच रखडणारं टेबल आलं होतं. क्वेरीत काही खोट नव्हती, पालकाच्या कॉलमवर इंडेक्सच नव्हता. फॉरेन की घातली की इंडेक्स आपोआप तयार होतो अशी समजूत होती. मायएसक्यूएलच्या इनोडीबीत तो होतो, पोस्टग्रेसमध्ये नाही. दर फेरीला सगळं टेबल चाळलं जात होतं आणि बोल मात्र रिकर्शनला लागत होता.

नेस्टेड सेटची खरी परीक्षा लिहिताना होते. थोरल्या शाखेत एक मूल जन्मलं की त्याच्या उजवीकडचे सगळे आकडे दोन-दोनाने सरकवावे लागतात. एका बारशापायी जवळजवळ सगळं घराणं पुन्हा लिहायचं. कुलवृत्तांतात तर हे रोजचंच असतं, कारण दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हमखास एखादी विसरलेली शाखा सापडते.

आणि आमच्याकडची वंशावळ निव्वळ झाड नसतेच. कवळाण्याचे गोपाळराव 1875 साली दत्तक गेले आणि बडोद्याचे सयाजीराव झाले. त्यांना कुठे ठेवणार? जन्मदात्याच्या घरातून काढलं तर ती शाखा खोटी होते, दत्तक घराण्यात घातलं नाही तर बडोद्याची गादीच तुटते. नेस्टेड सेटमध्ये माणसाला आकड्यांची एकच जोडी असते, म्हणजे एकच जागा. याउलट नात्यांचं वेगळं टेबल केलं, पालक, अपत्य आणि नात्याचा प्रकार असे तीन कॉलम ठेवले, की सयाजीरावांच्या दोन ओळी होतात आणि दोन्ही खऱ्या असतात. मामाच्या मुलीशी लग्न झालं असेल तर त्यांची मुलं एकाच पणजोबांपर्यंत दोन वाटांनी पोचतात. इथे क्वेरीत फेऱ्या जोडताना ‘युनियन ऑल’ऐवजी नुसतं ‘युनियन’ लिहिलं की दुबार नावं गळतात. सोबत पिढीचा आकडाही मागितला, तर वेगवेगळ्या पिढीत येणारा तोच माणूस पुन्हा दोनदा दिसतो, हे मात्र ध्यानात ठेवावं.

वाचन अफाट आणि बदल क्वचित, अशा ठिकाणी पूर्वज-वंशजांच्या सगळ्या जोड्या मांडणारं क्लोजर टेबल जरूर करावं. पण ते पालकांच्या नोंदीवरून उभारलेलं असावं, तिच्या जागी नव्हे. कारण पालकाची नोंद माणसाला विचारून तपासता येते. आपला डावा आकडा किती, हे कुणी सांगू शकत नाही.

हे तपासणं का लागतं, तेही सांगतो. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. गणेश विष्णू, त्याचा मुलगा विष्णू गणेश, त्याचा मुलगा पुन्हा गणेश विष्णू. नोंद करताना विष्णू गणेशाचा बाप म्हणून आजोबांऐवजी नातवाचा क्रमांक पडला, की नातू आपल्याच बापाचा बाप होतो आणि वंश गोल फिरू लागतो. त्या गोलात शिरलेली ‘युनियन ऑल’ची क्वेरी मग थांबत नाही, मायएसक्यूएल ठरलेल्या 1000 फेऱ्यांनंतर चूक दाखवून ती तोडतं, आणि पोस्टग्रेसच्या 14 व्या आवृत्तीपासून असं चक्र ओळखायला ‘सायकल’ हे कलम आहे. गोल सापडला की त्या घरी फोन करायचा, कुठला गणेश विष्णू ते विचारायचं, एका ओळीतला एक क्रमांक बदलायचा आणि क्वेरी पुन्हा चालवायची.