घाटमाथ्यावरचा डाव : चंदगड परिसरातील फासे, गंजिफा आणि रमी

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग म्हैसूर राज्यात गेला आणि चंदगड तालुका मात्र कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला. परिणामी पत्त्यांच्या एकाच डावाला या सीमाभागात तीन कायदे लागू झाले. चंदगडात १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा कायम राहिला, बेळगावात १९६३ चा कर्नाटक पोलीस कायदा आला आणि तिलारी घाट उतरून दोडामार्गमार्गे लागणाऱ्या गोव्यात १९७६ मध्ये सार्वजनिक जुगाराचा स्वतंत्र कायदा झाला. हे कायदे अलीकडचे असले, तरी पैजेच्या खेळाचे राज्यसंस्थेने काय करावे, हा त्यांमागचा प्रश्न फार जुना आहे.

प्राचीन धर्मशास्त्रात निर्जीव साधनांनी खेळायच्या पैजेला ‘द्यूत’ आणि प्राण्यांच्या झुंजीवर लावायच्या पैजेला ‘समाह्वय’ म्हटले असून, राजाने दोन्ही आपल्या राज्यातून हद्दपार करावीत, असे मनुस्मृती सांगते. कौटिल्याचे अर्थशास्त्र मात्र द्यूताध्यक्ष नावाचा अधिकारी नेमून खेळ एकाच ठिकाणी चालवावा आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच इतका वाटा घ्यावा, असा व्यवहारी मार्ग दाखवते. बंदी आणि नियंत्रित परवानगी ही दोन उत्तरे तेव्हापासून समांतर चालत आली आहेत.

वैदिक काळातील अक्ष, म्हणजे फासे, बेहड्याच्या फळांचे असत. सह्याद्रीच्या रानांत आजही आढळणाऱ्या याच झाडाच्या फळांनी सर्वस्व गमावलेल्या जुगाऱ्याचा विलाप ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात आला आहे. त्या खेळात नशिबाचे पारडे जड होते. सारीपाटात मात्र लांबट फाशांवर पडलेले दान दैवाधीन असले, तरी त्या दानावर कोणती सोंगटी चालवायची आणि कोणती घरात राखायची, हा निर्णय खेळणाऱ्याचा असल्यामुळे दैव आणि बुद्धी यांची सांगड बसली. वेरूळच्या लेण्यांत फासे खेळणारे शिव-पार्वती कोरलेले आहेत आणि खंडोबाच्या लोकपरंपरेत म्हाळसेबरोबरच्या सारीपाटाच्या डावातूनच देवाच्या बाणाईकडे जाण्याची कथा पुढे सरकते. निषेधाबरोबरच खेळाला मिळालेल्या मान्यतेची ही साक्ष आहे.

पत्ते त्या मानाने नवे आहेत. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन याला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. ही मोगल गंजिफा पुढे बारा-बारा पानांच्या आठ रंगांची, म्हणजे ९६ पानांची म्हणून रूढ झाली, तर चंदगडच्या शेजारच्या सावंतवाडी संस्थानात विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग असलेली १२० पानांची दशावतारी गंजिफा नावारूपाला आली. तिची गोल पाने चितारी मंडळी कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवून, घोटून, रंगवून आणि लाखेने पक्की करून बनवत. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी पाने असतात. मात्र निम्म्या रंगांत दहा हे संख्यापानांतील सर्वांत वरचे, तर उरलेल्या रंगांत एक हे वरचे मानले जाते. हुकुमाचा रंग नसल्यामुळे कोणती पाने पडून गेली, हे ज्याच्या ध्यानात राहते, त्याचीच सरशी होते. छापील पत्त्यांनी ही कला जवळजवळ संपवली असता, सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी राजवाड्यात तिला पुन्हा आश्रय दिला.

छापील पत्त्यांबरोबर पुढे रमी आली. मेक्सिकोतील काँकियन या खेळाशी जिचे नाते सांगितले जाते, त्या रमीत एक पान उचलायचे, एक टाकायचे आणि हातातील तेरा पानांचे क्रम व संच लावायचे असतात. १८८७ च्या कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली असल्यामुळे रमी कोठे बसते, हा वाद अटळ होता. सिकंदराबादच्या एका क्लबच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये रमीत कौशल्याचाच भाग अधिक असल्याचे ठरवले, कारण पडलेली पाने लक्षात ठेवणे आणि कोणते पान धरावे, कोणते सोडावे हे जाणणे तिला आवश्यक असते. तीनपत्तीसारखा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा मानला गेला. गंजिफा खेळणाऱ्याकडून जी स्मरणशक्ती अपेक्षित होती, तीच येथे कायदेशीर कसोटी ठरली. तथापि, क्लबचालक खेळातून नफा कमावत असेल, तर गुन्हा होऊ शकतो, हेही न्यायालयाने स्पष्ट केले.

गोव्याने कौटिल्याची वाट धरली : १९९२ च्या दुरुस्तीने पंचतारांकित हॉटेलांत जुगारयंत्रांना परवानगी मिळाली आणि पुढे कॅसिनो जहाजांवरील टेबलांचे खेळही शुल्क घेऊन मान्य झाले. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनोंसाठी केलेला कायदा अमलात न आणताच २०२३ मध्ये रद्द करून बंदीची बाजू पक्की केली. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, मग ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. त्यामुळे १९६७ ची कसोटी मोबाइलवरील रमीला उपयोगी राहिली नाही. खेळ कोणता यापेक्षा पैज आहे की नाही, हे पाहण्याच्या मनुस्मृतीच्या भूमिकेकडे कायदा झुकला, आणि कौशल्य व दैव यांतील भेदाचे महत्त्व प्रत्यक्ष हातात धरलेल्या पानांपुरते उरले.